आवाज वाढवण्याआधी तारा बघा

गाडीतलं गाणं नीट ऐकू येत नाही अशी तक्रार केली की दुकानदार म्हणतो, "काका, अँप्लिफायर टाकून घ्या." माझं मत थोडं वेगळं आहे. पैशाचं पाकीट काढण्याआधी तारा कशा जोडल्या आहेत ते बघावं. हे मत कशावरून झालं ते सांगतो.

मध्यंतरी पुतण्याच्या गाडीतून पुण्याहून कोल्हापूरला जाणं झालं. गाडी सेकंडहँड, पण पुढच्या दारांत स्पीकर्स नवेकोरे बसवलेले. पं. भीमसेन जोशींचे अभंग लावले. गळा ऐकू येत होता, टाळ ऐकू येत होते, पखवाजाचा मात्र पत्ता नाही. पुतण्याने आवाज वाढवला. टाळ कानात घुसायला लागले, पखवाज होता तिथेच!

साताऱ्याजवळ चहाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "आवाज पूर्ण डाव्या बाजूला ने बघू." नेला, तर पखवाज हजर. पूर्ण उजवीकडे नेला, तरी हजर. मध्यावर आणला की पुन्हा गायब. ही युक्ती माझी नव्हे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला येणाऱ्या लाउडस्पीकरवाल्याने ती मला शिकवली होती. याचा अर्थ असा की दोनपैकी एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या.

मी पडलो बी.ए., मराठीचा मास्तर. त्यामुळे मला ते झोपाळ्यावरून समजलं. दोघं जण एकाच वेळी एकाच बाजूने ढकलतात तेव्हा झोका उंच जातो. एक पुढून आणि एक मागून ढकलायला लागला तर दोघांचा घाम निघतो आणि झोपाळा जागेवरच. स्पीकरचा पडदा पुढेमागे हलून हवा ढकलतो. एकाची अधिक-उणे तार उलटी झाली की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. अशा वेळी अँप्लिफायर लावून काय होणार? दोघंही अधिक जोराने उलटसुलट ढकलणार, इतकंच.

घरी परतल्यावर स्पीकरच्या तारा स्टिरिओपासून सोडवल्या आणि भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहिला. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक तारेला लागलं की पडदा बाहेर यायला हवा. उजवीकडचा आत गेला. तारांची अदलाबदल केली, पखवाज परत आला. खर्च शून्य.

पण तारा शोधताना जे सापडलं, त्यासाठी हे लिहायला बसलो. गाडीच्या आधीच्या मालकाने डिकीत अँप्लिफायर बसवला असावा. विकताना तो काढून घेतला, तार मात्र तशीच ठेवली. बॅटरीपासून थेट मागच्या सीटखाली आलेली जाड तार, टोकाला नुसती चिकटपट्टी, आणि मध्ये फ्यूज नाही. सीटच्या लोखंडी पट्टीवर घासून तिचं आवरण एका जागी पातळ झालं होतं. त्या सीटवर माझी चार वर्षांची नात बसते. आवरण फाटून तार गाडीच्या पत्र्याला लागली असती तर बॅटरीचा सगळा जोर त्या तारेतून वाहिला असता, आणि ती तापून आग लागायला वेळ लागला नसता. बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत बसवलेल्या एका फ्यूजने हे टळतं. तो बसवला आहे का, हे विचारायला आपल्याला सुचत नाही. आपण विचारतो, किती वॅटचा आहे?

आता वॅटविषयी. खोक्यावर ५० गुणिले ४ असं ठळक छापलेलं असतं. पण चालू गाडीत मिळतात साधारण १४ व्होल्ट, आणि स्पीकर बहुधा ४ ओहमचा. एवढ्यात साध्या स्टिरिओतून दर स्पीकरला सलग २० वॅटच्या आसपासच शक्ती मिळते. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॅट सुमारे दहापट लागतात.

स्पीकर्सची संख्या वाढवली की आवाज वाढतो, हाही असाच समज. ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडीच्या तारांवर समांतर लावले की भार २ ओहमचा होतो. स्टिरिओ तेवढ्यासाठी बनवलेला नसेल तर तो तापतो आणि बंद पडतो. जुन्या सवयीने स्पीकरची उणे तार गाडीच्या बॉडीला जोडणारेही आहेत. आजच्या बहुतेक स्टिरिओंना ते चालत नाही, आतला भाग जळू शकतो.

आणि महागड्या तारेचा आग्रहही नको. पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर अंतरावर नेली तर जाऊन-येऊन रोध पाव ओहमही होत नाही. आवाजातला फरक अर्धा डेसिबल, कानाला जेमतेम कळेल. त्यापेक्षा सांधे घट्ट करा आणि दाराच्या आतल्या पत्र्याची भोकं बुजवा, म्हणजे पडद्यामागची हवा पुढच्या हवेला मारणार नाही.

पुतण्याने ती तार त्याच दिवशी काढून टाकली. अँप्लिफायर घ्यायचा विचारही तूर्त बाजूला ठेवला आहे. उद्या घेतलाच, तर तारा जोडताना मी शेजारी उभा राहणार आणि पहिला प्रश्न फ्यूजचा विचारणार. नातेवाईकांपैकी ज्यांनी जुनी गाडी घेतली आहे, त्यांनी या रविवारी मागची सीट एकदा उचलून बघावी, ही विनंती.