मूठ आधी हाताला मोजा, मग चिकटवा



लोहाराने पाते कितीही चांगले घडवले, तरी दिवसभर आपला हात असतो तो दांड्यावर. खुरप्याची मूठ जाड झाली की निंदणाऱ्या बाईची बोटे दुपारपर्यंत आखडतात. कुऱ्हाडीचा दांडा चार बोटे आखूड झाला की घाव बसतो, पण कंबर मोडते. म्हणून जाणता सुतार दांडा घालण्याआधी कुऱ्हाडीकडे कमी आणि कुऱ्हाडवाल्याकडे जास्त पाहतो. माणूस उंच की बुटका, डावखुरा की उजवा, पंजा केवढा, हे त्याला आधी हवे असते.

आज अशाच एका मुठीचा विचार करायचा आहे. अवजार मात्र शेतातले नाही. ते आहे मासे धरायच्या गळाची काठी.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हा विषय परका नाही. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे, आणि मागे पसरलेला अफाट नाथसागर. कटला, रोहू, मृगळ, मरळ ही नावे काठच्या गावांतल्या पोरांनाही तोंडपाठ असतात. भोई बांधवांची जाळी पूर्वीपासूनची, आणि बांबूच्या काठीला दोरा बांधून काठावर बसणारी हौशी मंडळीही पूर्वीपासूनची. आता त्यात रिळाच्या काठ्या आल्या आहेत.

त्यावरूनच पैठण तालुक्यातल्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. त्याने फायबरची आठ फुटी नुसती काठी मागवली आहे. मूठ, रीळ बसवायची बैठक आणि कड्या घरीच बसवायच्या आहेत. तो लिहितो, ‘काठी एकच परवडते. ती मला हवी आणि वडिलांनाही. वडिलांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे कडबा कुट्टीत गेली. पूर्वी ते बांबूचा गळ टाकायचे, आता काठावर नुसते बसून राहतात. मूठ कशी ठेवू म्हणजे त्यांना काठी पुन्हा धरता येईल?’

मंडळी, प्रश्न साधा दिसतो, पण नीट उत्तर देण्याजोगा आहे. शिवाय ज्यांना असे काही करायचे नाही, त्यांनाही यातले मोजमाप इतर दांड्यांसाठी उपयोगी पडेल.

आधी हे रीळ समजून घ्या

या प्रकारचे रीळ काठीच्या खाली लोंबते. आमिष फेकताना त्याची फिरकी फिरत नाही. दोरा तिच्या टोकावरून वेटोळ्या वेटोळ्यांनी सुटत जातो, जसे स्थिर धरलेल्या कांडीच्या टोकावरून सूत सुटते. अशा रिळाचे पेटंट १९०५ साली इंग्लंडमध्ये इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थाने घेतले. हा गृहस्थ ब्रॅडफर्डच्या कापड धंद्यातला होता. सुताची कांडी रोज पाहणाऱ्याला ही युक्ती सुचली यात नवल नाही.

रिळाला एक पाय असतो. तो बैठकीत घट्ट बसतो. काठी धरताना हा पाय मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात येतो, म्हणजे दोन बोटे पुढे आणि दोन मागे. पहिले बोट दोरा अडकवून धरते आणि फेकीच्या क्षणी सोडते. म्हणून मुठीचे सगळे मोजमाप या पायापासून धरायचे. काठीची बैठक कुठे, यावरच बाकी सारे अवलंबून आहे.

मागची मूठ किती लांब?

बैठकीपासून बुडख्यापर्यंतच्या भागाला आपण मागची मूठ म्हणू. तिचे माप दुकानातल्या तक्त्यावर शोधू नका, स्वतःच्या हातावर घ्या. कोपर काटकोनात वाकवा, मूठ बंद करा आणि कोपराच्या टोकापासून मुठीच्या मध्यापर्यंत टेप लावा. साधारण उंचीच्या पुरुषाचे हे अंतर तेरा-चौदा इंच भरते, म्हणजे दीड वितीहून थोडे कमी-जास्त.

काठी एका हाताने, जवळ जवळ फेकायची असेल तर मागची मूठ या मापापेक्षा तीन-चार इंच आखूड ठेवावी. मग बुडखा सदऱ्यात अडकत नाही आणि मनगट मोकळे फिरते. काठावरून दोन्ही हातांनी लांब फेकायचे असेल तर मूठ कोपरापर्यंत किंवा इंचभर पुढे जाऊ द्यावी. एक हात रिळाशी आणि दुसरा बुडख्याशी. पुढचा हात ढकलतो, मागचा ओढतो. फावड्याने माती दूर फेकताना आपण हेच करतो.

लांब मुठीचा आणखी एक फायदा आहे. मोठा मासा ओढू लागला की बुडखा हाताच्या खालच्या बाजूला टेकतो आणि ओढ मनगटाऐवजी कोपरावर जाते. ज्याचे मनगट दुखते किंवा पंजा अधू आहे, त्याच्यासाठी हा टेकू मोलाचा आहे. मात्र मूठ फार लांबवली तर बुडखा बरगडीला आणि पोटाला लागतो, आणि होडीत बसल्यावर तर सारखा अडतो.

तोल : बैलगाडीचाच हिशोब

गाडीत माल मागे जास्त पडला की गाडी उलाळ होते. पुढे जास्त पडला की बैलांच्या मानेवर येतो. काठीचेही तसेच आहे. रीळ लावून, रिळाच्या पायाच्या पुढे एका बोटावर काठी तोलून पाहा. शेंडा झपकन खाली गेला तर काठी शेंड्याला जड आहे. पहिल्या दहा फेकींत ते कळत नाही. दोन तासांनी मनगट सांगते.

यावर पुष्कळजण जड रीळ घेण्याचा उपाय सांगतात. पण रीळ तर हाताच्या अगदी खालीच लोंबते. आखावर ठेवलेल्या ओझ्याने गाडी पुढेही कलत नाही आणि मागेही नाही, फक्त एकूण वजन वाढते. इथेही तेच होते. खरा उपाय म्हणजे बैठक बुडख्यापासून थोडी पुढे सरकवणे, म्हणजेच मागची मूठ लांबवणे. ते जमत नसेल तर बुडख्यात थोडे शिसे घालावे, पण जपून, कारण तेही वजनच आहे. काठी अगदी तागडीसारखी समतोल हवी असा हट्ट नको. शेंडा किंचित खाली राहिला तरी चालतो.

सलग मूठ की तुटक?

मागची मूठ दोन प्रकारे करतात. एक सलग, बैठकीपासून बुडख्यापर्यंत. दुसरी तुटक, म्हणजे बैठकीमागे थोडी, बुडख्याशी थोडी आणि मध्ये उघडी काठी. तुटक मूठ थोडी हलकी आणि दिसायला नखरेल. पण हात ठराविक जागीच ठेवावा लागतो. एकच काठी दोघे वापरणार असतील तर सलग मूठच बरी. ज्याला जिथे सोयीचे तिथे त्याने धरावे.

रिळाच्या पुढची मूठ आखूडच ठेवा. चार बोटे पुरे. पुढे जितके वाढवाल तितके वजन शेंड्याच्या बाजूला जाते. बैठकीचे आटेही पाहून घ्या. बैठक उलटसुलट दोन्ही बाजूंनी बसवता येते. ज्या बाजूने बसवल्यावर आटे तळहाताखाली किंवा बोटांखाली येत नाहीत, ती बाजू खरी. ओल्या हाताला आटे फार लवकर सोलतात.

मुठीसाठी बूच चांगले. ते एका परदेशी ओक झाडाच्या सालीचे, मुख्यतः पोर्तुगालहून येते. हलके असते, ओल्या हातातही निसटत नाही आणि काचकागदाने हवे तसे घासता येते. दुसरा पर्याय ईव्हीए फोमचा. हलक्या चपलांच्या तळव्याला असतो तोच. तो स्वस्त आहे आणि साबणाने धुता येतो. बांबूच्या काठीला सुती दोरी जवळ जवळ गुंडाळली तरी काम भागते. सायकलच्या ट्यूबची पट्टीही लोक गुंडाळतात, पण ती उन्हात तापते आणि वजनाला जड असते.

दोघांसाठी एक काठी

आता पत्रातल्या प्रश्नाकडे येऊ. माझे सांगणे असे की माप वडिलांच्या हाताचे घ्या. धडधाकट हात दुसऱ्याच्या मापाची मूठ सांभाळून घेतो, अधू हाताला ते जमत नाही. घरात एकच विळा असेल तर तो सगळ्यात लहान हातासाठी घ्यावा, तसेच हे.

वडिलांनी काठी डाव्या हातात धरावी, म्हणजे रिळाचा पाय शाबूत बोटांच्या बेचक्यात येईल आणि दोरा डाव्या पहिल्या बोटाने सुटेल. उजव्या हाताकडे दोन कामे राहतील. फेकताना बुडखा ओढणे आणि नंतर रिळाची मूठ फिरवणे. फिरवायची मूठ अंगठा आणि पहिली दोन बोटे यांच्या चिमटीत धरली जाते, त्यामुळे शेवटच्या दोन बोटांवाचून अडत नाही. या जातीच्या बहुतेक रिळांची फिरवायची मूठ डावीकडून उजवीकडे बदलता येते. ती उजवीकडे केली की रीळ वडिलांचे, डावीकडे केली की तुमचे. दोन मिनिटांचे काम आहे.

बुडख्याकडे मात्र खास लक्ष द्या. तीन बोटांचा हात सरळ दांड्यावरून घसरतो. म्हणून शेवटी लिंबाएवढी गोल गाठ ठेवा, लाटण्याच्या टोकाला असते तशी, पण मोठी. बोटे तिच्यामागे अडकतील आणि ओढताना ताकद लागेल. तिथली मूठ थोडी जाडही ठेवा. बारीक दांडा धरायला बोटे जास्त आवळावी लागतात आणि पेटके येतात.

चिकटवण्याआधी

एकदा चिकटलेली मूठ काढताना बहुतेक वेळा मूठ तरी जाते नाहीतर काठी तरी. म्हणून आधी रीळ चिकटपट्टीने नुसते बांधा. कड्याही तशाच तात्पुरत्या बांधा. गळ न लावता दोऱ्याला एक नट बांधा, आणि रिकाम्या खळ्यात वडिलांना हलक्या हाताने वीस-तीस फेकी टाकू द्या. आजूबाजूला पोरेटोरे, जनावरे नसावीत. मग रीळ इंचभर पुढे बांधा, पुन्हा टाका. इंचभर मागे बांधा, पुन्हा टाका. कोणती जागा बरी हे तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा. ते लगेच सांगणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हात कुठे दुखतो ते विचारा.

जागा ठरली की खूण करा. दोन नळ्यांचे, सावकाश वाळणारे चिकट घ्या. झटपट वाळणाऱ्याने बैठक वाकडी बसली तर सरळ करायला वेळ मिळत नाही. बैठक काठीवर सैल बसत असेल तर आत कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या, पण मध्ये चिकट शिरायला जागा ठेवा. बुडख्याकडून एक डोळा मिटून पाहा. रिळाचा पाय आणि सगळ्या कड्या एका ओळीत दिसल्या पाहिजेत, पेरणीचे तास पाहतो तसे. मग रात्रभर हलवू नका.

शेवटी दोन गोष्टी, ज्या मुठीहून मोठ्या आहेत. हल्लीच्या काळ्या ग्रॅफाइटच्या काठीतून वीज वाहते, आणि ओल्या काठीचा भरवसा तर कोणत्याच प्रकारात नाही. विजेच्या तारांखाली काठी उचलायची नाही. आकाशात गडगडले की काठी खाली ठेवून काठापासून दूर जायचे. दुसरे, नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि जलाशयातल्या मासेमारीला परवान्याचे नियम आहेत. मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि वन खात्याकडे विचारून, परवानगी असेल तिथेच गळ टाकावा. ज्यांचे पोट जाळ्यावर आहे, त्यांच्या जाळ्यात आपला गळ अडकू देऊ नये.

आणि पत्रलेखक मित्रा, काठी तयार झाली की पहिली फेक तुम्ही टाकू नका. मासा लागो न लागो, वडिलांना ती अर्धा दिवस धरू द्या. मूठ बरोबर बसली की नाही, हे तेवढ्यात कळेल.