तोंड आमचं, ठसा कुणाचा?

बाबासाहेबांच्या सुटाकडं बघून नाक मुरडणारे अजून मेलेले नाहीत. गांधींनी कपडे उतरवले तर तो त्याग, आणि आमच्या बापानं चढवले तर ती साहेबी! वर आमच्यातलेच काही नवे शहाणे त्यांच्या सुरात सूर मिसळून सांगतात, फोटोबिटो सोडा, विचार घ्या. जसा काही फोटोला विचार नसतोच.

मित्रांनो, फोटोलाही विचार असतो. साक्षीला मी फ्रेडरिक डग्लसला बोलावतो. हा साक्षीदार परका नव्हे. गुलामी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांना जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्या लढ्यातला हा म्होरक्या.

डग्लस १८१८ च्या सुमारास मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला. त्याची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नाही. ढोरांची कोण लिहितं? १८३८ ला तो पळाला. त्या काळी गुलाम पळाला की मालक पेपरात जाहिरात द्यायचा. जाहिरातीच्या डोक्यावर चित्र असायचं, काठीला गाठोडं लावून पळणारा काळा माणूस. छापखान्यात ठसा एकच, कोण का पळेना! नाव वेगळं, इनाम वेगळं, तोंड तेच. म्हंजे तोंडच नाही.

१८३९ ला पॅरिसमध्ये दागेरची युक्ती जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्याला आधी आयोडिनची वाफ, मग उजेड, मग पाऱ्याची वाफ, की माणूस जसाच्या तसा उमटला. १८४१ च्या सुमारास डग्लस अशा कॅमेऱ्यापुढं बसला. अंगात कोट, मान ताठ. कायद्यानं तो त्या दिवशीही मालकाची मालमत्ता होता. १८४६ ला विलायतेतल्या मित्रांनी पैसे भरले, तेव्हा कुठं कागदावर सुटला. कायद्याचा कागद म्हणत होता ही वस्तू आहे, आणि हा पत्रा म्हणत होता हा माणूस आहे.

आणि तो हसत नाही. अभ्यासकांनी त्याचे १६० च्या आसपास वेगवेगळे फोटो शोधलेत. लिंकनचेही इतके नाहीत. त्यात हसू जवळजवळ सापडत नाही. कारण मालकाला हसरा गुलाम हवा असतो, म्हंजे गुलामी गोड ठरते. एका पुस्तकात त्याचं हसऱ्या तोंडाचं चित्र छापलं, तर १८४९ ला त्यानं स्वतःच्या पेपरात ठणकावलं, की गोऱ्या चित्रकाराच्या हातून काळ्याचं निःपक्षपाती चित्र निघणार नाही. १८६१ ला यादवी युद्ध पेटलेलं असताना बोस्टनमध्ये तो चक्क चित्रांवर भाषण देतो. लढाई सोडून नव्हे, लढाई म्हणूनच.

आता दुसरी बाजू बघा. १८५० ला हार्वर्डच्या अगासीझ नावाच्या शास्त्रज्ञासाठी साउथ कॅरोलिनात गुलामांचे असेच फोटो काढले. रेंटी, त्याची पोर डेलिया, आणखी काहीजण. कपडे उतरवून, समोरून, बाजूनं, बाजारातल्या बैलासारखे. काळे हलके आहेत, हे त्याला सिद्ध करायचं होतं. रेंटीचं रक्त सांगणाऱ्या बाईनं २०१९ ला हार्वर्डवर खटला भरला, तेव्हा कुठं २०२५ ला हार्वर्डनं ते फोटो सोडायचं कबूल केलं. यंत्र तेच, पत्रा तोच. बसायचं कसं, हे कोण ठरवतं, एवढाच सवाल.

आपल्याकडं साहेबानं १८६८ ते १८७५ मध्ये जातीजमातींच्या फोटोंचे आठ खंड काढले. माणसं नमुने म्हणून मांडली. साहेब गेला, नमुना राहिला. आमचा माणूस पेपरात कधी येतो? मॅनहोलमध्ये गुदमरला की. वस्ती जळाली की. आमच्या बाया छापतात त्या ऊर बडवताना. त्याच बाईनं मोर्चापुढं भाषण ठोकलं, तर तिचा फोटो कुठंय?

कुणी म्हणेल, मग अत्याचार झाकायचा का? अजिबात नाही. १९५५ ला एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला मिसिसिपीत ठेचून मारलं. त्याच्या आईनं शिकागोत पेटी उघडी ठेवली, फोटो छापू दिला, आणि देश हादरला. पण ते आईनं ठरवलं. खैरलांजीच्या प्रेतांचे फोटो २००६ ला हातोहात फिरले, तेव्हा त्या घरात मागं उरलेल्या एकट्या माणसाला किती जणांनी विचारलं?

म्हणून म्हणतो, पोरांनो, कॅमेरा आपल्या हातात घ्या. तो आता प्रत्येकाच्या खिशात आहे. बाहेरचा कुणी फोटो काढायला आला तर विचारा, कशाला, कुठं छापणार, खाली नाव कुणाचं? नाव नसेल तर काढू देऊ नका. जत्थ्यातल्या म्हातारीला विचारा, तुला कशी बसायचंय. ती नवं लुगडं नेसून येते म्हणाली तर थांबा. फोटोग्राफरची गाडी चुकली तरी चालेल.

जय भीम.