मुळात फोटो काढू कशाला दिले?

एखाद्या मुलीचे खासगी फोटो कुणीतरी इंटरनेटवर टाकले, अशी बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पण मुळात तिनं फोटो काढू कशाला दिले?" हा प्रश्न विचारणारे सगळेच काही दुष्ट नसतात. लेकीच्या काळजीनं विचारणाऱ्या आया असतात, शहाणपण शिकवणारे काका असतात. पण मला वाटतं, सगळा घोळ या एका प्रश्नातच आहे.

आपण गावाला जातो तेव्हा शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवतो. उद्या त्या शेजाऱ्यानंच घर धुवून नेलं, तर "किल्ली दिलीच कशाला?" म्हणणारा एखादा निघेलही. पण म्हणून चोर कोण याबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही. इथे मात्र होतो. विश्वास ठेवणारी गुन्हेगार ठरते आणि विश्वास मोडणारा... त्याच्याबद्दल आपण बोलतच नाही!

गंमत म्हणजे आपला कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. २०१३ साली भारतीय दंड संहितेत ३५४ क हे कलम आलं. त्याच्या स्पष्टीकरणात साफ म्हटलं होतं की स्त्रीनं फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो इतरांना दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हा आहे. म्हणजे संमती दोन, आणि एकीतून दुसरी निघत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ७७ व्या कलमात हेच कायम आहे. पहिल्या गुन्ह्याला १ ते ३ वर्षं कैद, पुन्हा केल्यास ३ ते ७. थोडक्यात, "काढू कशाला दिले?" या प्रश्नाचं कायद्याचं उत्तर आहे : त्याचा इथे संबंध नाही.

इथवर यायलाही वेळ लागला. २००४ साली दिल्लीतल्या शाळकरी मुलांची एक क्लिप फिरली, लिलावाच्या एका वेबसाइटवर विक्रीला लागली, त्या कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली, नि 'एमएमएस' या शब्दाला आपल्याकडे वेगळाच वास लागला. तेव्हाच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात होतं ते ६७ वं कलम, 'अश्लील' मजकुराचं. आता बघा, 'अश्लील' म्हटलं की नजर फोटोकडे जाते, त्यात काय दिसतंय इकडे. 'खासगी' म्हटलं की नजर तो पसरवणाऱ्याकडे जाते. अश्लीलतेच्या कलमात समाजाच्या नीतीला धक्का बसलेला असतो. ज्या मुलीचं आयुष्य विस्कटलं, ती त्यात कुठेच नसते. कलमाच्या शब्दांवर बोट ठेवलं, तर विश्वासानं फोटो पाठवणारी तीही 'पाठवणारी'च ठरू शकते. २००९ पासून लागू झालेल्या ६६ ई कलमानं खासगीपणाचा भंग असा शब्द वापरला : ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्कच असल्याचं सांगितलं.

आणि २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या तामलुकच्या न्यायालयानं अशाच एका प्रकरणात तरुणाला ५ वर्षांची कैद सुनावली. मला त्या निकालातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्या मुलीला बलात्कारपीडितेप्रमाणे भरपाई मिळावी, असंही न्यायालयानं म्हटलं. म्हणजे अंगाला हात न लावताही केवढी इजा होते, हे कुणीतरी अधिकृतपणे मान्य केलं.

कारण ही इजा संपत नाही. बसमध्ये समोर बसलेल्या माणसाकडे पाहून तिच्या मनात येतं, यानं पाहिलं असेल का? मुलाखत घेणाऱ्यानं? आरोपी तुरुंगात गेला तरी फोटो बाहेरच असतो. २०२१ च्या नियमांनी असा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत काढण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं. 'स्टॉप एनसीआयआय' या सोयीत तर फोटो कुणाला द्यावाही लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक अंकी ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो. सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न सांगताही करता येते.

कायदा पुरा आहे असं नाही. ७७ वं कलम पीडित स्त्रीच असते असं धरून चालतं. फसवल्या गेलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. घरी कळलं तर काय होईल, हे मुलीला नेमकं ठाऊक असतं. फोन काढून घेतील, कॉलेज बंद, घाईघाईनं स्थळं बघायला सुरुवात. शिक्षा तिलाच. हे धमकी देणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याचा धंदा चालतो तो आपल्या त्या पहिल्या प्रश्नाच्या जोरावर. तो प्रश्न आपण विचारणार नाही याची तिला खात्री असती, तर पहिल्याच धमकीला ती घरी येऊन सांगून मोकळी झाली असती.

आणि आपण स्वतः? ग्रुपवर असं काही आलं की "मी फक्त पाहिलं, पुढे नाही पाठवलं" एवढ्यावर आपण समाधान मानतो. पण पाहणारे आहेत म्हणून तर पाठवणारे आहेत. उघडू नका, पुसून टाका, आणि पाठवणाऱ्याला चारचौघांत, त्याच ग्रुपवर विचारा की तुला हे पाठवायचा हक्क कुणी दिला? प्रश्न विचारायचाच तर तो त्याला विचारू या.