पाहुण्यांसाठी की पाहणाऱ्यांसाठी?

हल्ली कुणाच्याही नव्या किंवा नव्याने केलेल्या घरी गेलं की घर दाखवण्याचा एक कार्यक्रम असतो. हॉल झाला, ओटा झाला, बेडरूममधली कपाटं उघडून-मिटून झाली, की यजमानीणबाई एक छोटंसं दार उघडून दिवा लावतात. "आणि हे गेस्ट बाथरूम!" आपण दारातूनच मान आत घालायची, "अगदी हॉटेलसारखं झालंय हो" म्हणायचं आणि सरबत प्यायला हॉलमध्ये परत यायचं. अशी बरीच बाथरूम पाहून माझं स्पष्ट मत झालं आहे की ती पाहुण्यांसाठी केलेलीच नसतात, पाहणाऱ्यांसाठी केलेली असतात. पाहणारा दोन तासांनी आपल्या घरी जातो. पाहुणा मुक्कामाला राहतो, रात्री दोन वाजता चष्मा न लावता उठतो, सकाळी ओल्या फरशीवर उभा राहून एका पायावर तोल सांभाळत कपडे बदलतो. त्याचा विचार करणारा डेकोरेटर मला अजून भेटायचा आहे.

यंदा हे लोण आमच्याही घरात आलं. मी दोन महिने लेकीकडे बंगळूरला गेले होते, तेवढ्यात मुलाने आणि सूनबाईने पाहुण्यांचं बाथरूम फोडून नवं करून घेतलं. एक लाख ऐंशी हजार रुपये. दोघंही हे वाचणार आहेत, म्हणून आधीच सांगते: हेतू चांगला होता, पैसे तुमचे होते आणि रंगसंगती खरोखर छान आहे. आता पुढचं ऐका.

जागा साडेसात फूट बाय चार फूट. संडास आणि न्हाणी एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर जागा हवी असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, म्हणजे साधारण तीस चौरस फूट. आमच्या बिल्डरने जेमतेम तेवढीच दिली आहे. एवढ्याशा जागेत काय नाही? फरशी काळी, आरशासारखी. भिंतीवर टांगलेला कमोड. डोक्यावर पावसासारखा पडणारा शॉवर, त्याच्याभोवती काच, आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून काचेखाली तीन इंचांचा उंबरा. पिवळ्या दिव्याखाली ओट्यावर ठेवलेलं काचेचं वाडग्यासारखं बेसिन. बादली ठेवायला मात्र जागा नाही, आणि बादली भरेल असा खालचा नळही नाही. तो "लुक बिघडवतो" म्हणून काढला.

गणपतीला माझी थोरली बहीण वाईहून आली. अक्का ८१ वर्षांची आहे, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, पण एरवी ठणठणीत. दरवर्षी गौरी-विसर्जन झाल्यावरही आठवडाभर राहते. यंदा तिसऱ्या दिवशी म्हणाली, मला गाडीत बसवून द्या. काय झालं, कुणी काही बोललं का, काही सांगेना. शेवटी भाजी निवडताना बोलली. संध्याकाळी सहानंतर ती पाणीच पीत नव्हती. रात्री उठावं लागू नये म्हणून! "तुमची फरशी मला विहिरीसारखी दिसते गं," म्हणाली, "पाय कुठं टेकतोय ते कळत नाही." आणि आंघोळ? तीन दिवस तिने नुसतं अंग पुसून काढलं होतं. गणपतीच्या दिवसांत! ज्या बाईने आयुष्यात पारोशाने चहा घेतला नाही, तिच्यावर धाकट्या बहिणीच्या घरी ही वेळ. घरात मात्र सगळ्यांची समजूत अशी की अक्काला बाथरूम फार आवडलं, कारण विचारल्यावर ती "छान आहे हो" म्हणाली होती. पाहुण्याने दुसरं काय म्हणायचं असतं?

आता फरशीबद्दल. भिंतीला लावायची गुळगुळीत टाइल जमिनीला लावणं हा शुद्ध अविचार आहे, आणि तो दुकानातही खपवून घेतला जातो. जमिनीला खरखरीत, बिनचकाकीची फरशी हवी. तुकडे लहान असले तर आणखी बरं, कारण जितके सांधे जास्त तितकी पायाला पकड जास्त. रंग फिका हवा, म्हणजे पाणी सांडलेलं, साबण पडलेला दिसतो. भिंतीचा रंग आणि जमिनीचा रंग वेगळा हवा, म्हणजे मोतीबिंदूवाल्या डोळ्यांना जमीन कुठे सुरू होते ते कळतं. आणि उतार! आमच्या जुन्या गवंड्याचा हिशोब होता, फुटामागे एक सूत, दीड सूत. नव्या बाथरूममध्ये मोठ्या टाइलला उतार नीट काढता आला नाही, त्यामुळे कमोडच्या पुढ्यात बशीभर पाणी कायम साचलेलं. काळ्यावर ते दिसतही नाही. वर आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकरचं पाणी. त्याचे पांढरे डाग काळ्या फरशीवर आणि काचेवर असे उठतात की कामवाल्या मावशींनी दुसऱ्या आठवड्यातच हात जोडले.

दुकानातल्या जाड कॅटलॉगमधल्या एकाही बाथरूममध्ये फरशी ओली नसते, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? साबणाची वडी नाही, बादली नाही, वाळत घातलेला टॉवेल नाही. माणूस तर नाहीच. त्या चित्राला आंघोळ करायची नसते, म्हणून त्याचं भागतं.

धरायला दांडी लावा म्हटलं तर उत्तर ठरलेलं असतं: "आई, हॉस्पिटलसारखं दिसतं." लोकलच्या दाराला दांडा असतो, तिथे कुणाला हॉस्पिटल आठवत नाही. सिंहगडावर अवघड जागी कठडा दिसला की आपण बांधणाऱ्याचे आभार मानतो. मग स्वतःच्या घरातल्या सर्वांत निसरड्या जागी लाज कसली? जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगभरात अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि त्यात साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. खुब्याचं हाड मोडलेली माणसं तुमच्याही नात्यात असतील, त्यांना विचारा कुठे पडलात. टॉवेलची दांडी ही धरायची दांडी नव्हे, ती माणसाच्या वजनाने स्क्रूसकट हातात येते. धरायची दांडी जमिनीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर, विटांच्या भिंतीत बोल्टने पक्की करावी लागते, आणि भिंत फोडलेली असतानाच ते काम दोन-अडीच हजारांत होतं. एक लाख ऐंशी हजारांत हे दोन-अडीच हजार बसले नाहीत!

दाराचंही तसंच. आत उघडणारं दार असेल आणि आतला माणूस दाराशीच पडला तर बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. दार बाहेर उघडावं, कडी बाहेरूनही काढता यावी. कमोडची उंची जेवणाच्या खुर्चीएवढी, सतरा-अठरा इंच हवी. टांगलेला कमोड हव्या त्या उंचीवर बसवता येतो, हा त्याचा एकमेव गुण, आणि आमच्याकडे तो नेमका पंधरावर बसवला आहे.

खिडकी बंद करून तिथे दिवे लावलेला पडदा बसवण्याची टूम तर मला अक्षम्य वाटते. एका ओळखीच्या घरी अशा बंद बाथरूममध्ये गॅसचा गीझर पाहिला आणि सरबत न घेता आधी तेच बोलले. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. थंडीच्या दिवसांत त्या बातम्या वर्तमानपत्रात येतात, आणि आपण पान उलटतो. आमच्याकडे गीझर विजेचा आहे आणि खिडकी वाचली, एवढं नशीब.

शोभेला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुन्या वज्री ठेवल्या आहेत, त्या जाऊन पाहा. टाच घासायची वस्तू, पण घडवणाऱ्याने तिलाही नक्षीदार मूठ दिली. खालची बाजू मात्र खरखरीतच ठेवली, कारण काम तिथे होतं. आज ती घडवायला दिली तर खालून पॉलिश करून मिळेल.

न्हाणी हा शब्दच आता प्लंबरच्या तोंडी तेवढा उरला आहे, "नाणी ट्रॅप" म्हणून. त्या ट्रॅपमध्ये दोनेक इंच पाणी साठून राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. बाथरूम वापरात नसेल तर ते सुकतं, वास वर येतो, झुरळं येतात. दाखवायच्या बाथरूममध्ये म्हणूनच सुगंधी मेणबत्ती लागते. आठवड्याला बादलीभर पाणी ओतलं तरी पुरतं. पण बादली कुठे आहे?

बरेच जण दिवाळीनंतर कामं काढतात. टाइल बघायला जाताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. दुकानातल्या कमोडवर त्यांना बसवा आणि हात न धरता उठता येतं का बघा. सेल्समन हसला तर हसू द्या. निवडलेली फरशी जमिनीवर ठेवून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायला सांगा आणि मग पाय ठेवा. नातेवाईकांत कुणाला आमच्या गवंड्याचा नंबर हवा असेल तर फोन करा.

आमच्याकडे सोमवारपासून फरशी उखडायची ठरली आहे. दोन दांड्या, खालचा नळ आणि एक प्लॅस्टिकचं स्टूल यांना मंजुरी मिळाली. काचेच्या उंबऱ्यावर बोलणी चालू आहेत. बेसिन तेवढं राहू दे, असं सूनबाई म्हणते. राहू दे. त्याला धरून उठायचं नाही, एवढं मी अक्काला सांगेन.