पाना मुलांच्याच हाती

जुलै २०१७ मध्ये वॉशिंग्टनला ‘फर्स्ट ग्लोबल’ ही शाळकरी मुलांची रोबो-स्पर्धा पहिल्यांदा भरली. दीडशेहून अधिक देशांचे संघ आले होते. विषय होता पाण्याचा: निळे चेंडू म्हणजे स्वच्छ पाणी, केशरी म्हणजे प्रदूषण, आणि रोबोने ते वेगळे करायचे. मुंबईच्या मुलांच्या भारतीय संघाने तिथे अभियांत्रिकी रचनेचा झांग हेंग पुरस्कार सुवर्णपदकासह मिळवला.

इंदूरच्या तुकोगंजात बसून हे लिहिताना वाटते, आपल्याला काय कमी आहे? १९५२ साली सुरू झालेले गोविंदराम सेकसरिया अभियांत्रिकी महाविद्यालय जवळच आहे. लेसर आणि कणत्वरकांवर काम करणारे राजा रामण्णा केंद्र याच शहरात, पीथमपूरचे कारखानेही दूर नाहीत. अटल टिंकरिंग लॅब योजनेने देशभरातल्या शाळांत सेन्सर, मोटारी, थ्रीडी प्रिंटर पोचवले. आता त्या साधनांशेजारी अनुभवी माणूस उभा राहायला हवा.

आणि त्याने फार बोलू नये! चाक का घसरते, हे अभियंत्याला पाहताक्षणी कळते. तरी मुलांना वजन मोजू द्यावे, गिअर बदलू द्यावा, चुकू द्यावे. (बॅटरीशी खेळ चालला असेल तर मात्र तत्काळ हात धरावा.) मुलांचा रोबो स्वतः पूर्ण करून देणारा मार्गदर्शक त्यांचे शिकणेच काढून घेतो, असे माझे ठाम मत आहे.

इंदूरच्या निवृत्त अभियंत्यांनो, जवळच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांकडे शनिवारचे दोन तास मागा.