मासे रोगाने मेले, की गुदमरून? आधी ओळखा, मग बोला

तलावात मेलेले मासे तरंगले की दोनच वाक्यं ऐकू येतात. "कुणीतरी विष टाकलं" नाहीतर "कसलातरी रोग आलाय". मग मासे जाळीने काढले जातात, गाडीत भरले जातात आणि विषय संपतो. मासे कशाने मेले हा प्रश्नही त्याच गाडीतून कचऱ्यात जातो. माझा आक्षेप याला आहे.

कारण रोग आणि गुदमरणं यातला फरक पहिल्या नजरेला तुम्हीआम्हीही ओळखू शकतो.

पहाटे सगळ्या जातींचे, लहानमोठे मासे एकदम वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, अंगावर डाग नाही की जखम नाही? मग बहुतेक वेळा पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. त्यात सांडपाणी किंवा निर्माल्य कुजत असेल तर झालंच. बाणगंगेत सर्वपित्री अमावास्येनंतर मासे मेल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्यात! आपल्या पवई तलावाचं दुखणंही तेच, सांडपाणी आणि जलपर्णी.

रोगाची चाल वेगळी. तो थोड्या माशांत सुरू होतो, दिवसागणिक वाढतो आणि बऱ्याचदा अंगावर खूण ठेवतो.

१. रव्यासारखे पांढरे ठिपके, मासा दगडाला अंग घासतो: 'इक' नावाचा एकपेशीय परजीवी. औषध चालतं ते तो पाण्यात मोकळा पोहत असताना, कातडीत शिरल्यावर नाही. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की लगेच औषध थांबवू नका.

२. चपटा, सरकणारा ठिपका: आर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ. तळ्यातल्या रोहू-कटल्यावर हमखास.

३. अंगातून लोंबणारा दोरा: लर्निया. तोही परजीवीच.

४. जखमेवर कापसासारखा पुंजका: बुरशी.

५. लाल, खोल व्रण: 'ईयूएस' असू शकतो. १९८८ मध्ये हा रोग भारतात आला. मरळीसारख्या माशांना तो फार छळतो.

आता घरातल्या फिशटँकबद्दल. कुर्ल्याहून आणलेला नवा मासा थेट जुन्यांत सोडू नका, दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. आणि आजारी मासा "मरण्यापेक्षा तलावात सोडू, पुण्य लागेल" हे तर अजिबात नको. ते पुण्य नाही, तो तलावाला दिलेला रोग आहे. निरोगी मासाही सोडू नका. फिशटँकमधला सकर मासा उजनी धरणात पोचला आणि तिथल्या मच्छीमारांच्या डोक्याला ताप झाला.

पालिकेकडे माझ्या दोन साध्या मागण्या आहेत.

पहिली: मासे मेल्याचं कळताच, ते उचलण्याआधी, पाण्यातला ऑक्सिजन मोजा. हातात मावणारं मीटर पुरतं. माशांसाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो. आलेला आकडा तलावाच्या काठावर फलकावर लावा.

दुसरी: अंगावर खुणा असतील तर मरायला टेकलेले, न सडलेले मासे तपासणीला पाठवा. १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आपल्या अंधेरीत, वर्सोव्याला आहे. माशांच्या आरोग्याचा अभ्यास तिथे होतो. तिच्याशी कायमची व्यवस्था लावून ठेवा.

आणि आपण? पहाटेचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, कुठल्या जातीचे मासे आहेत ते बघा. तरंगणारा मासा खायला मात्र घरी नेऊ नका.

हे सगळं कशासाठी? "रोग आला" म्हटलं की कुणाचीच जबाबदारी राहत नाही. "ऑक्सिजन संपला" हे आकड्यासकट सिद्ध झालं, की पुढचा प्रश्न येतोच: सांडपाणी सोडलं कुणी? तो प्रश्न आपण विचारायलाच हवा.