विश्लेषण : ‘गॉन्टलेट’चे नक्कलकार की ‘डॅन्डी’चे वारसदार? आर्केड गेमचा जुना वाद आजही का महत्त्वाचा?

एखादा मोबाइल गेम गाजला की थोड्याच दिवसांत ॲप स्टोअरवर त्याच्यासारखे अनेक गेम दिसू लागतात. त्यांच्यावर सरसकट ‘क्लोन’चा शिक्का बसतो. १९८० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ‘गॉन्टलेट’ या आर्केड गेमबाबत हेच झाले. मात्र त्या प्रकरणात मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

‘गॉन्टलेट’मध्ये वेगळे काय होते?

अटारी गेम्सने १९८५ मध्ये हा गेम आणला. ‘ॲस्टेरॉइड्स’ आणि ‘सेंटिपीड’च्या निर्मितीत सहभागी असलेले एड लॉग त्याचे डिझायनर. वरून दिसणारे भुयार, योद्धा, व्हॅल्किरी, जादूगार आणि एल्फ ही पात्रे आणि एकाच मशीनवर एकाच वेळी खेळणारे चौघे, असा हा खेळ. राक्षस मारून संपत नसत. त्यांना जन्म देणारे ‘जनरेटर’ फोडावे लागत.

खरी मेख होती ‘हेल्थ’मध्ये. खेळाडू नुसता उभा राहिला तरी हा आकडा उतरतच राही. तो वाढवायचा तर अन्न शोधा, नाहीतर मशीनमध्ये आणखी एक नाणे टाका. चार खेळाडू म्हणजे चार खिसे. धंद्याचे गणित खेळाच्या नियमांतच बसवलेले होते.

मग ‘डॅन्डी’ कुठून आला?

‘गॉन्टलेट’च्या दोन वर्षे आधी, १९८३ मध्ये, अटारीच्या होम कॉम्प्युटरसाठी ‘डॅन्डी’ नावाचा गेम आला होता. एमआयटीचे विद्यार्थी जॉन पॅलेविच यांनी तो पदवीच्या प्रबंधासाठी तयार केला होता. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. वरून दिसणारे भुयार, चार खेळाडू, चाव्या, अन्न आणि राक्षसांचे जनरेटर हे सगळे त्यात होते. अटारी ८०० ला जॉयस्टिकसाठी चार पोर्ट होते, म्हणून चौघांचा खेळ घरीही शक्य झाला.

लॉग यांच्यामागे ‘डॅन्डी’ची प्रेरणा होती, हे आता उघड आहे. पॅलेविच यांनी आक्षेप घेतल्यावर प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. तडजोडीत त्यांना ‘गॉन्टलेट’चे एक मशीन मिळाले, असे सांगितले जाते.

नक्कल कोणी कोणाची केली?

१९८६ मध्ये यूएस गोल्डने ‘गॉन्टलेट’च्या अधिकृत आवृत्त्या स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ वर आणल्या. तिथे चारऐवजी दोघांनाच खेळता येई. त्याच वर्षी इलेक्ट्रिक ड्रीम्सने ‘डॅन्डी’ही याच कॉम्प्युटरवर आणला. तोवर ‘गॉन्टलेट’ घराघरांत पोहोचत होता. त्यामुळे जो गेम आधीचा, त्याच्याकडेच नक्कल म्हणून पाहिले जाण्याची वेळ आली.

क्लोन म्हणजे निव्वळ चोरी का?

नाही. घरात नाणे टाकायचे नव्हते, त्यामुळे हेल्थ सतत घटवण्यामागचे आर्थिक कारणच उरले नाही. चांगल्या अनुकरणकर्त्यांनी तिथे नवे काही शोधले. ‘ड्रुइड’मध्ये (१९८६) पेटीतली नेमकी कोणती वस्तू घ्यायची हे ठरवावे लागे आणि दुसरा खेळाडू गोलेम चालवू शकत असे. ‘रानारामा’मध्ये (१९८७) बेडूक झालेला जादूगाराचा शिष्य होता आणि आत पाऊल टाकल्याशिवाय खोली दिसत नसे. नुसत्या कॉपीतून असे गेम तयार होत नाहीत.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९८२ मध्ये ‘पॅक-मॅन’सारखा दिसणाऱ्या ‘के. सी. मंचकिन’विरुद्धच्या खटल्यात अपील न्यायालयाने अटारीची बाजू घेतली. मात्र गेमच्या मूळ कल्पनेवर कॉपीराइट नसतो, पात्रांच्या विशिष्ट चित्रणावर असतो, असा फरकही केला. हा फरक योग्यच आहे. भुयार, चावी आणि राक्षस कोणा एकाच्या मालकीचे झाले असते, तर ‘गॉन्टलेट’सुद्धा निघाला नसता.

मग चूक कुठे?

चूक कल्पना घेण्यात नाही, श्रेय न देण्यात आहे. लॉग यांनी ‘डॅन्डी’च्या कल्पनेला बोलणारे मशीन, झगझगीत चित्रे आणि नेमका वेग दिला, त्यांचे योगदान मोठे आहे. पण ‘डॅन्डीवरून प्रेरित’ एवढे दोन शब्द पडद्यावर टाकायला काहीच खर्च नव्हता. ज्याची कंपनी मोठी, त्याचा गेम ‘मूळ’ आणि एकट्या विद्यार्थ्याचा गेम ‘क्लोन’, हा हिशेब तेव्हाही चुकीचा होता.

आज स्वतःच्या खोलीत बसून गेम बनवणाऱ्या तरुणांपुढे हीच अडचण आहे. त्यांची कल्पना मोठी कंपनी घेऊ शकते आणि कायदा बहुतेक वेळा काही करणार नाही. म्हणूनच जिथे कायदा थांबतो, तिथे श्रेय देण्याची सवय हवी. गेमच्या ‘क्रेडिट्स’मध्ये प्रेरणास्थानाला एक ओळ द्यावी, आणि ती नसेल तर खेळणाऱ्यांनी विचारावी.